स्टुलाचे चार पाय: टेबल सॉवर आडवा काप अचूक आणि सुरक्षित कसा घ्यावा

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या ब्लेडवर लाकूड सरकवून कापायची मशीन, घरी आणल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा स्टूल करायला घेतात. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, वर एक फळी. सोपं वाटतं. जोडून झालं की ते फरशीवर डुगडुगतं आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी जाते. दोष बहुधा सांध्यात नसतो. पाय कापतानाच अर्धं सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी-जास्त झालेलं असतं, नाहीतर टोकं काटकोनात नसतात. म्हणून हा लेख मी स्टुलाच्या चार पायांपुरताच ठेवला आहे: सागवानाची २ बाय २ इंचाची दांडी आणि तिचे १७ इंचाचे चार तुकडे. हे चार तुकडे दहाही बोटं शाबूत ठेवून एकसारखे कापता आले, की कपाटाचे खण असोत की खिडकीची चौकट, रीत तीच.

मी नागपुरात सुतारकामाचं छोटं वर्कशॉप चालवतो. दर हिवाळ्यात दोन-चार नवशिके माझ्याकडे येतात. त्यांना पहिल्या दिवशी जे दाखवतो तेच इथे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे बऱ्याच साइटवर प्लायवूडच्या टेबलाखाली हातातला कटर उलटा बसवतात आणि त्यालाच टेबल सॉ म्हणतात. त्याला ब्लेडमागचा पत्रा नसतो, गार्ड म्हणजे ब्लेडवरचं झाकण नसतं, बंद करायचं बटण टेबलाखाली कुठेतरी असतं, आणि अनेकदा ते चालू स्थितीत बांधूनच ठेवलेलं असतं. त्यावर रोज काम करणारे कारागीर आहेत, त्यांचा हात बसलेला आहे. तरीही नवशिक्यानं त्या टेबलाला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं कारखान्यातून तयार होऊन आलेल्या १० इंची मशीनसाठी आहे.

ब्लेड कुठून कुठे फिरतं

१० इंच म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचं ब्लेड. ते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर दाताचं टोक सेकंदाला साधारण ५३ मीटर धावतं, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. हा वेग ध्यानात ठेवा, पण त्याहून महत्त्वाची आहे दिशा. तुमच्या बाजूचे दात वरून खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. ब्लेडच्या मागच्या बाजूचे दात टेबलातून वर येतात आणि वरून तुमच्याच अंगावर धावतात. काप नीट चालू असेल तेव्हा मागच्या दातांचा लाकडाशी संबंधच येत नाही. लाकूड जरा तिरकं झालं, दोन्हीकडून दाबलं गेलं, तर मागचे दात त्याला धरतात, उचलतात आणि फेकतात. याला किकबॅक म्हणतात. आमच्याकडे कारागीर म्हणतात, "लाकूड मारते."

म्हणूनच ब्लेडच्या मागे रायव्हिंग नाइफ असतो. हा पोलादी पत्रा ब्लेडसोबत वर-खाली होतो आणि कापलेलं लाकूड मागच्या दातांवर मिटू देत नाही. त्याची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा थोडी जास्त आणि दातांच्या कापापेक्षा थोडी कमी असावी लागते. नवीन ब्लेड घेताना हे जुळवून बघा. पातळ कापाचं ब्लेड आणि जाड नाइफ अशी जोडी झाली की लाकूड अर्ध्यात अडकतं, आणि मग लोक नाइफच काढून ठेवतात. नाइफ काढू नका, ब्लेड बदला.

फेन्स आणि गेज: एका वेळी एकच

लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषेच्या दिशेनं चिरायचं असेल तर ते फेन्सला, म्हणजे ब्लेडला समांतर असलेल्या सरळ भिंतीला, टेकवून सरकवतात. रेषेला आडवं कापायचं असेल तर टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या मायटर गेजला टेकवून. नवशिक्याला वाटतं की दोन्ही एकदम वापरले तर दुप्पट अचूक होईल: फेन्स १७ इंचावर लावायचं, दांडीचं टोक फेन्सला भिडवायचं आणि मागून गेजनं ढकलायचं. दिसायला अगदी बरोबर दिसतं, आणि या मशीनवरची सगळ्यांत फसवी चूक हीच आहे.

काय होतं बघा. काप पूर्ण झाला की फेन्स आणि ब्लेड यांच्यामध्ये एक सुटा तुकडा उरतो. त्याच्या एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला फिरतं ब्लेड, आणि मागून त्याला धरणारं कोणी नाही. तो केसभर तिरका झाला की फेन्स आणि मागचे दात यांच्यात चिमटला जातो आणि उडतो.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. शिकत होतो तेव्हा प्लायच्या ४ इंची पट्ट्या कापत होतो, फेन्सही लावलेलं आणि गेजही. तीन पट्ट्या निघाल्या. चौथी बरगडीखाली लागली. ती उडालेली मला दिसलीच नाही, आवाज आला आणि मी वाकलेला होतो. काळानिळा डाग तीन आठवडे राहिला. त्याहून जास्त मनात राहिली ती दुसरी गोष्ट: झटक्यात माझा उजवा हात ब्लेडकडे ओढला गेला होता आणि अंगठा ब्लेडपासून दोन-एक इंचांवर थांबला. आमच्या मिस्त्रींनी आधी मशीन बंद केली, मला पाणी दिलं आणि मग म्हणाले, "भाऊ, सुटणारा तुकडा मोकळा पाहिजे. त्याला जायला जागा नाही ठेवली, तर तो तुझ्याकडंच येईन ना?" आजही कुठलाही काप घेण्याआधी मी पहिल्यांदा तेच बघतो: सुटणारा तुकडा कोणता, आणि तो मोकळा आहे का.

तेव्हा आडवा काप घेताना फेन्स टेबलाच्या कडेला सारून ठेवा, किंवा सरळ काढूनच ठेवा. मोजमापासाठी वेगळी सोय आहे, ती पुढे येते. आणि कशालाच न टेकवता नुसत्या हातांनी लाकूड ब्लेडमध्ये सरकवणं, हे कधीच नाही.

ब्लेड कोणतं

मशीनसोबत बहुधा २४ ते ४० दातांचं ब्लेड येतं. २४ दातांचं चिरायला चांगलं. आडव्या कापाला मात्र त्यानं ढलप्या उडतात. ६० किंवा ८० दातांचं, कार्बाइडच्या टोकांचं, आलटून-पालटून तिरके दात असलेलं ब्लेड घ्या. सागवानात सिलिका असते, ती धार लवकर मारते. म्हणून कार्बाइडशिवायचं स्वस्त ब्लेड सागवानावर फार दिवस पुरत नाही. मधलं भोक आपल्या मशीनच्या शाफ्टला जुळतं का ते दुकानातच तपासा, कारण मशीनगणिक ते वेगळं असतं. ब्लेड बदलण्याआधी प्लग बोर्डातून काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. वरचे दात तुमच्याकडे तोंड करून हवेत.

साधारण ब्लेड ३ मिलिमीटर लाकूड खातं, म्हणजे जवळजवळ एक सूत. हे सूत हिशेबात धरलं नाही की चौथा पाय आखूड पडतो.

दांडीचा हिशेब

लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, सागवान घनफुटानं विकत मिळतं. आपल्या नशिबानं आलापल्ली-बल्लारपूरचं जंगल जवळ आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं तेही बल्लारपूरहूनच. इतक्या मोलाचं लाकूड दोन सूत कमी कापलं तर ते परत वाढत नाही, म्हणून शिकताना आधी पाइनच्या किंवा पॅकिंगच्या लाकडावर हात बसवा.

१७ इंचाचे चार म्हणजे ६८ इंच. ६ फुटांची, म्हणजे ७२ इंचांची दांडी घ्या. आता ही सहा फुटी दांडी तशीच टेबल सॉवर चढवू नका. गेजच्या बाहेर चार-साडेचार फूट लोंबकळणारी दांडी स्वतःच्या वजनानं खाली झुकते, काप मिटतो आणि ब्लेड धरून बसतं. आधी साध्या करवतीनं तिचे १७ इंच ६ सुतांचे चार कच्चे तुकडे करा. हे तुकडे वाकडेतिकडे निघाले तरी चालतात, टेबल सॉवर दोन्ही टोकं नीट होणारच आहेत. लांब लाकडाला करवत किंवा मायटर सॉ (यात लाकूड जागेवर राहतं आणि ब्लेड वरून खाली येतं), आणि आटोपशीर तुकड्यांना टेबल सॉ, ही वाटणी नेहमीसाठी ठेवा.

मशीन काटकोनात आणणं

इथे अर्धा दिवस घालवा. तो वाया जात नाही. प्लग काढलेला असू द्या, फक्त चाचणीचे काप घेताना लावा.

पहिलं, ब्लेड टेबलाच्या खाचेला समांतर आहे का. ब्लेडचा एक दात पेनानं खूण करून पुढे आणा. खाचेपासून त्या दातापर्यंतचं अंतर गेजवर क्लॅम्पनं पक्क्या बसवलेल्या लाकडी पट्टीनं मोजा, पट्टीचं टोक दाताला जेमतेम शिवेल असं. मग ब्लेड हातानं फिरवून तोच दात मागे न्या, गेजही मागे सरकवा. तिथेही पट्टी तशीच शिवली पाहिजे. ०.१ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. जास्त असेल तर मशीनच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे टेबलाचे किंवा ब्लेडच्या बैठकीचे बोल्ट सैल करून जुळवा.

दुसरं, ब्लेड टेबलाला ९० अंशात उभं आहे का. गुण्या लावा, पण दाताला टेकवू नका, ब्लेडच्या सपाट पत्र्याला टेकवा. दात बाजूला बाहेर आलेले असतात, त्यांना टेकवलं तर गुण्या खोटं सांगतो. मग एक तुकडा मधोमध कापा, एक अर्धा पालथा करा आणि दोन्ही टोकं सपाट जागेवर एकमेकांना भिडवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. त्यामुळे गुण्याला न दिसलेली चूकही इथे उघडी पडते.

तिसरं, गेज ब्लेडला काटकोनात आहे का. गेजवरच्या अंशांच्या खुणांवर विसंबू नका. ०.१ अंश डोळ्याला दिसत नाही, पण ६०० मिलिमीटरच्या फळीवर तो एक मिलिमीटर होतो. माझी आवडती कसोटी पाच कापांची. साधारण एक फूट चौरस प्लायचा तुकडा घ्या. एक बाजू थोडी छाटा. तुकडा असा फिरवा की आत्ता छाटलेली बाजू गेजला टेकेल, मग पुढची बाजू छाटा. असं करत चारही बाजू झाल्या की पुन्हा पहिल्या बाजूला या आणि या वेळी इंचभर रुंदीची पट्टी कापून काढा. त्या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्नियर कॅलिपरनं मोजा. समजा एका टोकाला २५.६ आणि दुसऱ्याला २५.२ मिलिमीटर आली. फरक ०.४. प्रत्येक काप आधीच्या कापावर टेकलेला असल्यामुळे चूक चार वेळा साठलेली आहे, म्हणून चारनं भागा: ०.१ मिलिमीटर, तेही ३०० मिलिमीटर लांबीत. आपल्या स्टुलाला हे भरपूर झालं. फरक जास्त आला तर गेजचा स्क्रू सैल करून केसभर फिरवा आणि पाचही काप पुन्हा घ्या.

गेजची पट्टी खाचेत खुळखुळत असेल तर ही सगळी मेहनत फुकट जाते. पट्टीच्या एका कडेला अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा थर लावा, खुळखुळ जाईपर्यंत. लावल्यावर गेज अडखळत सरकत असेल तर एक थर जास्त झाला आहे.

गेजला लांब पाठ आणि ठोकळा

गेजचं स्वतःचं तोंड जेमतेम हातभरही नसतं. त्याच्यावर २ फूट लांब, ३ इंच उंच, सरळ रंधलेली पट्टी किंवा १८ मिलिमीटरच्या प्लायची पट्टी मागून स्क्रूनं बसवा. स्क्रू ब्लेडच्या वाटेत येणार नाहीत हे बघा. पट्टीचं उजवं टोक ब्लेडच्या पुढे दोन-तीन इंच जाऊ द्या. पहिल्याच कापात ब्लेड तिच्यात आपली खाच पाडेल. ती खाच म्हणजे ब्लेड नेमकं कुठून जाणार याची खरी खूण. शिवाय लाकडाच्या मागच्या कडेला आधार मिळतो, तिकडच्या ढलप्या उडत नाहीत. पट्टीच्या तोंडावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. ब्लेड लाकडाला बाजूला ओढू बघतं, पेपर ते सरकू देत नाही.

आता मोजमाप. पट्टीवर ब्लेडच्या खाचेच्या डाव्या कडेपासून १७ इंच डावीकडे मोजा आणि तिथे एक लाकडी ठोकळा क्लॅम्पनं घट्ट आवळा. ठोकळा गेजसोबतच सरकतो. पाय डावीकडे, गेज आणि ठोकळ्याच्या ताब्यात. सुटणारा तुकडा ब्लेडच्या उजवीकडे, पूर्ण मोकळा. मिस्त्रींची अट पाळली गेली, आणि चारही पाय एकाच ठोकळ्याला टेकून कापल्यामुळे टेपचा, पेन्सिलच्या जाडीचा, डोळ्याचा प्रश्नच उरत नाही.

एक बारीक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय कोणाला सुचत नाही. ठोकळ्याचा खालचा, पट्टीकडचा कोपरा पटाशीनं थोडा उडवून टाका. भुसा त्या पोकळीत जातो. नाहीतर तो ठोकळा आणि पायाच्या टोकामध्ये साचतो आणि तिसरा-चौथा पाय अर्ध्या मिलिमीटरनं आखूड निघतो.

अगदी छोटे तुकडे, समजा ३ इंचाचे दहा, कापायचे असतील तर ठोकळा फेन्सला लावतात. तो फेन्सच्या पुढच्या भागात, ब्लेडच्या बऱ्याच अलीकडे आवळायचा. लाकूड ठोकळ्याला टेकवून माप घ्यायचं आणि मग गेज पुढे सरकवायचं. लाकूड ब्लेडपर्यंत पोचतं तेव्हा ठोकळा मागे राहिलेला असतो, आणि सुटलेल्या तुकड्यापलीकडे ठोकळ्याच्या जाडीएवढी मोकळी जागा असते.

अंगावर काय, आजूबाजूला काय

हातमोजे नकोत. हे ऐकून नवे लोक चमकतात, पण मोज्याचा एक धागा दातात अडकला की ब्लेड पूर्ण पंजा ओढून नेतं. बाह्या कोपराच्या वर. अंगठी, कडं, घड्याळ, मनगटातला देवाचा दोरा आणि राखी काढून खुंटीला. केस बांधलेले. आणि नागपूरकरांसाठी खास: उन्हाळ्यात डोक्या-तोंडाला बांधलेला दुपट्टा मशीनजवळ येता कामा नये. त्याचं लोंबतं टोक मोज्याहून वाईट. पायात चप्पल नको, बूट हवेत.

डोळ्यांना चष्मा, कानांना मफ किंवा इअरप्लग, नाकाला एन ९५ मास्क. लाकडाचा भुसा कर्करोगाला कारण ठरतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे, आणि सागवानाच्या भुशानं कातडीला खाज सुटते ती वेगळीच.

१,८०० वॉटची मशीन २३० व्होल्टवर जवळजवळ ८ अँपिअर घेते. १६ अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग लागतं. एक्स्टेन्शन लागलंच तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर, तीही पूर्ण उलगडलेली. कापताना लाइट गेली तर पहिलं काम मशीनचं बटण बंद करणं. लाइट परत आल्यावर मशीन आपोआप चालू होणार नाही असं बटण तुमच्या मशीनला असेल तर उत्तम, पण ते आहे असं समजून वागू नका.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काप घेऊ नका. ४५ अंशांत घामानं हात सरकतो, चष्म्यावर वाफ धरते, आणि डोकं दमलेलं असतं हे डोक्याला कळत नाही. सकाळी सहा ते दहा कापायचं, दुपारी घासकाम.

प्रत्यक्ष काप

१. ब्लेडची उंची अशी ठेवा की दातांमधली खाच लाकडाच्या जेमतेम वर येईल. दोन इंची दांडीवर दात ५-६ मिलिमीटर वर दिसले की पुरे.

२. गेज डाव्या खाचेत ठेवा. तुम्ही गेजच्या मागे, ब्लेडच्या रेषेच्या डावीकडे उभे. ब्लेडच्या सरळ रेषेत तुम्ही नको, आणि मागे बघायला आलेला पोरगाही नको.

३. मशीन बंद असताना पूर्ण हालचाल एकदा करून बघा. गेज अडखळतं का, वायर पायात येते का, क्लॅम्पचं हँडल गार्डला आपटतं का, हे आत्ता कळलेलं बरं.

४. आधी प्रत्येक कच्च्या तुकड्याचं एक टोक छाटा. ठोकळा या वेळी काढलेला किंवा बाजूला सारलेला. दोन सूत जाऊ द्या. ब्लेडची पूर्ण जाडी लाकडात गेली पाहिजे. नुसतं अर्धं ब्लेड कड खरवडत गेलं तर ते बाहेरच्या बाजूला लवतं आणि टोक वाकडं निघतं. छाटलेल्या टोकावर पेन्सिलनं फुली मारा.

५. आता ठोकळा १७ इंचांवर आवळा. फुलीचं टोक ठोकळ्याला हळुवार भिडवा. आपटायचं नाही, आपटलं की ठोकळा सरकतो. दोन्ही हातांनी पाय गेजच्या पाठीला दाबून धरा, हात ब्लेडपासून किमान ६ इंच लांब.

६. मशीन चालू करा, ब्लेड पूर्ण वेगात येऊ द्या, मग एकसारख्या चालीनं पुढे सरकवा. मोटरचा आवाज जड झाला तर चाल कमी करा. काळा जळका डाग दिसला तर चाल फारच कमी होती किंवा ब्लेड बोथट आहे.

७. काप पूर्ण झाला की पाय गेजला धरूनच ब्लेडच्या पार न्या, थोडा डावीकडे, ब्लेडपासून दूर सरकवा आणि मग मागे ओढा.

८. बटण बंद. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत उजवीकडच्या सुट्या तुकड्याला हात लावायचा नाही.

आठव्या पायरीवर थोडं थांबतो. मला माहीत असलेल्या जखमांपैकी बऱ्याचशा कापताना झालेल्या नाहीत. काप संपला होता, ब्लेड "थांबतच आलं होतं", आणि ब्लेडजवळ पडलेला लहानसा तुकडा बोटानं बाजूला सारायला हात गेला. तिथला तुकडा तिथेच राहू द्या. बंद करून पाच-दहा सेकंद थांबायला जड जातं हे मला माहीत आहे, विशेषतः अजून सात काप बाकी असताना. मिस्त्री म्हणायचे, "घाई काहून करून राहिला? लाकूड कुठं पळून चाललं का?"

चांगली बाजू वर ठेवून कापा. दात वरून खाली जातात म्हणून ढलप्या खालच्या बाजूला उडतात. व्हिनियर किंवा प्लाय असेल तर काप येणार तिथे मास्किंग टेप घट्ट चिकटवा.

पुढची पायरी: स्लेड

गेजवर हात बसला की स्लेड करा. प्लायची सरकती पाटी, खाली दोन्ही खाचांत बसणाऱ्या दोन पट्ट्या, पुढे-मागे एकेक उभी भिंत, आणि मधून ब्लेडची वाट. लाकूड पाटीवर ठेवून अख्खी पाटी सरकवायची. एका खाचेऐवजी दोन खाचा धरल्यामुळे डुलणं कमी होतं, लाकडाच्या खाली आणि मागे आधार असतो, आणि छोटा तुकडा क्लॅम्पनं पाटीवर आवळता येतो. हातात धरायचा तुकडा ६ इंचांहून लहान असेल तर तो मी फक्त स्लेडवर, क्लॅम्प लावूनच कापतो. पाच कापांची कसोटी इथेही तीच, फक्त गेजऐवजी तुमच्याकडची भिंत केसभर सरकवायची आणि पक्की करायची. त्या भिंतीच्या मागे, जिथे काप संपल्यावर ब्लेड बाहेर डोकावतं, तिथे लाकडाचा जाड ठोकळा चिकटवाच. अंगठा नेमका तिथेच असतो.

नागपुरात स्लेड करताना महिना बघा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत सागवानाच्या पट्ट्या खाचेत अगदी बरोबर बसवल्या, तर जुलैच्या पावसात त्या फुगतात आणि स्लेड अडखळते. अडखळणारी स्लेड जोर लावून ढकलणं धोक्याचं, झटक्यानं सुटली की हात पुढे जातो. म्हणून पट्ट्या अॅल्युमिनियमच्या घ्या, किंवा लाकडाच्या असतील तर पावसाळ्यात रंध्याचा एक हात फिरवून मेण लावा. पाटी प्लायचीच हवी, अख्ख्या फळीची वाकते. कूलर मशीनच्या तोंडावर लावू नका. त्याच्या ओल्या हवेनं लोखंडी टेबलाला गंज चढतो आणि लाकूडही पाणी धरतं. पायाची लांबी मात्र ऋतूनं फारशी बदलत नाही. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही.

लागलंच तर

मशीन बंद. स्वच्छ कापडानं जखमेवर घट्ट दाब, हात छातीच्या वर. बोटाचा भाग तुटला असेल तर तो स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, त्यानं पेशी मरतात. १०८ ला फोन करा किंवा कोणाला तरी गाडी काढायला सांगा. स्वतः गाडी चालवू नका. मेडिकल, मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं किंवा जे मोठं रुग्णालय जवळ असेल ते आजच ठरवून त्याचा रस्ता माहीत करून ठेवा. वर्कशॉपमध्ये एकटे असाल त्या दिवशी काप घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर.

चारही पाय झाले

प्लग काढा, टेबल पुसा, आणि चारही पाय स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एकमेकांना खेटून उभे करा. ग्रॅनाइटचा ओटा बहुतेक घरांत पुरेसा सपाट असतो. वरच्या टोकांवरून नख फिरवा. डोळ्याला न दिसणारी पायरी नखाला लागते. एखादा पाय उंच निघाला तर तो फुलीच्या टोकाकडून परत ठोकळ्याला लावून, मशीन बंद ठेवूनच बघा. त्याचं दुसरं टोक ब्लेडच्या खाचेबाहेर जरासं डोकावत असेल तर कापताना तो गेजच्या पाठीला नीट टेकलेला नव्हता. आता नीट टेकवा आणि तेवढा परत छाटा. एखादा आखूड निघाला तर ठोकळ्याचा कोपरा बघा, तिथे भुसा सापडेल. तो पाय बाजूला ठेवा, आडव्या पट्टीच्या कामी येईल, आणि दुसऱ्या दांडीतून नवा घ्या.